साडेनऊ नंबरचे डोळे

नगरच्या कापड बाजारातून एक अरुंद बोळ आत जातो, त्या बोळात त्यांचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. दुकानावर पाटी होती, पण पाटीवर दुकानाचं नाव नव्हतं. एक चष्मा रंगवलेला, आणि खाली लिहिलेलं, 'चष्मे मिळतील. घाई असणाऱ्यांना मिळणार नाहीत.' लोकांना वाटायचं, गंमत आहे. पण आत जाऊन कुणी 'जरा लवकर करा हो' म्हटलं, की हा माणूस खरंच पाटीकडं बोट दाखवायचा आणि पेपर वाचायला घ्यायचा. एका वकिलांना त्यांनी असं तासभर बसवून ठेवलेलं मी स्वतः बघितलंय. वकील तणतणत निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी निमूट परत आले. करतात काय! नाकावर चष्मा असा चपखल बसवून देणारा दुसरा माणूस तेव्हा नगरात नव्हता.

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला 'बाई' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि हे मी आठ वर्षांची असल्यापासून. पहिल्यांदा गेले तेव्हा 'या बाई, बसा' म्हणाले, तर मी मागं वळून बघितलं, कोण बाई आली म्हणून. नंतर कधीतरी मी त्यांना कारण विचारलं. म्हणाले, "डोळे तपासताना माणूस फार खोटं बोलतो. दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतो. त्याला मान दिला की जरा कमी बोलतो." त्यांच्याकडं येणारा हमाल असो, कलेक्टर कचेरीतला साहेब असो, नाहीतर शेंबडं पोर, सगळ्यांना अहो. फक्त स्वतःच्या दुकानातल्या फ्रेमांना ते अगं म्हणायचे. जुना चष्मा कुणी दुरुस्तीला आणला की तो उजेडात धरून आधी त्याच्याशीच बोलायचे, "काय गं, काय हाल करून घेतलेस?"

काचेवरच्या ओरखड्यांवरून ते माणूस ओळखायचे. आमच्याच शाळेतल्या एका बाईंना त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही चष्मा पालथा ठेवता, भिंतीकडं तोंड करून झोपता, आणि नवऱ्यावर चिडलात की पदरानं काचा पुसता." बाई लालबुंद झाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मेल्याला हे कसं कळलं?"

माझा नंबर कसा सापडला तेही सांगते. माझे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत आणि मीही तात्याच म्हणायचे, घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. बाजारच्या दिवशी मी त्यांच्या मागं मागं असायचे. एकदा ते म्हणाले, "जा गं, ती आपली तांबडी गाय सोडून आन." मी गेले, लांबून तांबडं दिसलं त्याचंच दावं सोडलं आणि ऐटीत चालत आले. सगळा बाजार पोट धरून हसायला लागला. मी कुणाचातरी तांबडा बैल आणला होता. एकजण ओरडला, "तात्या, पोरगी आज बैल पिळनार वाटतं!" तात्या हसले नाहीत. दलालाच्या पोरीला वीस पावलांवरून गाय-बैल ओळखू येईना, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्यांना लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं नगर.

काकांच्या दुकानात अक्षरांचा तक्ता होता, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणायचे, अर्ध्या नगरला तो पाठ आहे, लायसनवाले तर घोकूनच येतात. ते माणसाला दुकानाच्या दारात उभं करायचे आणि बोळाच्या टोकाकडं बघायला सांगायचे. समोर चहाची टपरी होती, तिच्यापुढं साड्यांचं दुकान. "त्या माणसाच्या कपात चहा किती उरलाय? ती बाई कुठल्या रंगाची साडी परत करतेय?" असले प्रश्न. आणि चष्मा तयार झाला की तो घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, आल्यावर काय काय दिसलं ते सांगायचं, त्याशिवाय चष्मा घरी न्यायचा नाही. मी पहिल्यांदा जाऊन आले आणि म्हणाले, "कोपऱ्यावरचा पोलीस जांभई देत होता." मला तोपर्यंत वाटायचं, लांबच्या माणसांना तोंड नसतंच, ते जवळ आल्यावर येतं. हे मी सांगितल्यावर काकांनी मान खाली घालून बराच वेळ काच पुसली.

तर असा माणूस. दर वर्षी माझा नंबर वाढायचा, दर वर्षी ते नवीन काच घालून द्यायचे, आणि एका लांबड्या वहीत माझ्या नावापुढं लिहून ठेवायचे. तीन, साडेचार, सहा. डी.एड. पूर्ण होईपर्यंत साडेनऊवर गेला. काचा इतक्या जाड, की समोरच्याला माझे डोळे मटकीएवढे दिसायचे. पोरं सोडावॉटर म्हणायची. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. खरंच सांगते, काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते स्थळं यायला लागल्यावर.

पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. पहिले पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि जाताना मुलाची आत्या दारातच, मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मुलगी सगळी काचेतच आहे की." दुसरे पाहुणे काहीच बोलले नाहीत, पण निरोप आला, मुलाला चष्मा चालणार नाही. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले. राग चष्म्याचा नव्हता, मला कुणी नीट बघितलंसुद्धा नाही याचा होता.

तात्यांनी मग मनावर घेतलं. तिसऱ्या स्थळाच्या आधी पोरीचा चष्मा गेला पाहिजे. त्यांनी कुठून कुठून ऐकलं होतं, लेसर म्हणून काहीतरी निघालंय, पाच मिनिटांत नंबर जातो, पुण्याला करतात. आम्ही दोघं काकांकडं गेलो.

आता दुसरा कुणी चष्मेवाला असता तर लेसरचं नाव काढताच त्यानं नाक मुरडलं असतं, त्याच्या पोटावरच पाय की तो! काकांनी फक्त विचारलं, "कुणासाठी?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. चष्मा, लेन्स की लेसर, असं कुणीही विचारलं की हे आधी 'कुणासाठी?' म्हणायचे. एक कबड्डी खेळणारी मुलगी यायची, ती म्हणाली, "माझ्यासाठी, चढाईला गेले की चष्मा पडतो." तिला त्यांनी आनंदानं लेन्स दिल्या. एक कॉलेजकुमार म्हणाला, "मित्र म्हणतात म्हणून." त्याला म्हणाले, "मग मित्रांना पाठवा, त्यांचे डोळे तपासतो." म्हणजे त्यांचा चष्म्याचा हट्ट वगैरे काही नव्हता. लेन्स डोळ्यात घालायला हिंमत लागते म्हणायचे, लेसरला नशीब आणि चष्म्याला फक्त दोन कान. लेसरबद्दल त्यांनी तात्यांना समजावलं, "डोळ्यावर रंधा मारतात असं धरा. सुतार चांगला असला तर काम सुरेख होतं. पण आधी लाकूड किती जाड आहे ते बघावं लागतं."

"मंग बघू की," तात्या म्हणाले. "एका डोळ्याला एक म्हैस गेली तरी चालंल मला."

आणि काका चक्क दुकान बंद करून आमच्याबरोबर पुण्याला आले. वही काखेत मारून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, एसटीचं तिकीटही त्यांनी स्वतःचं स्वतः काढलं. दवाखान्यात ते मशीन बघून हरखून गेले, हे कसं चालतं, ते कसं मोजतं, असं विचारून विचारून त्यांनी त्या तरुण डॉक्टरांना भंडावून सोडलं. शेवटी डॉक्टरांनी त्यांना हात जोडून बाहेर बसवलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, नंबर अजून वाढतोय, तो थांबल्याशिवाय करता येणार नाही, आणि बुबुळाचा पापुद्राही पातळ आहे. करू नका. वहीतले आकडे बघून म्हणाले, "हे कुणी इतकं नीट लिहून ठेवलं?" काका बाहेर बाकावर बसले होते, त्यांना हे ऐकू आलं आणि त्यांनी उगाच शर्टाची कॉलर सारखी केली.

परत येताना सुप्याला गाडी चहाला थांबली. तात्या कप खाली ठेवून म्हणाले, "मंग लेन्स."

"कुणासाठी?"

"लग्नासाठी, आनखी कुनासाठी! एवढा बघायचा कार्यक्रम हुऊ द्या. पुढचं पुढं."

काका माझ्याकडं बघत होते. मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी चहात बघत राहिले. ते नुसते 'बरं' म्हणाले.

लेन्स घालायला त्यांनी मला अकरा दिवस शिकवलं. मी घोडेगावहून रोज एसटीनं यायचे. हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे नाहीत, लेन्स बोटाच्या टोकावर ठेवायची, सुलटी आहे का उलटी ते कडेनं बघायचं, पापण्या दोन बोटांनी धरायच्या. पहिले चार दिवस लेन्स डोळ्याजवळ आली की डोळा आपोआप मिटायचा. मी रडायचे. ते म्हणायचे, "रडा बाई, ओल्या डोळ्यात सोपी बसते." पाचव्या दिवशी एक बसली, सहाव्या दिवशी दोन्ही. त्यांनी माझ्यापुढं आरसा सरकवला आणि स्वतः पाठ फिरवून कसलातरी स्क्रू शोधायला लागले.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा चष्म्याशिवाय स्वच्छ बघितला. डोळे मोठे होते. पापण्या लांब होत्या. सांगायला कसली लाज, मला मी फार आवडले. मी बघतच बसले, आणि काका तो स्क्रू शोधतच राहिले. पुढचे पाच दिवस ते मला काढायला आणि ठेवायला शिकवत होते. एक छोटी डबी दिली, दोन झाकणांची, आत औषधाचं पाणी. "ह्या पाण्याशिवाय दुसरं पाणी लेन्सला लावायचं नाही," असं त्यांनी मला सात वेळा म्हणून दाखवायला लावलं.

मी सात वेळा म्हटलं. पण आमच्या आईला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

आमच्या घरी एक शिस्त होती. आई सकाळी उठली की घरातलं सगळं शिळं पाणी ओतून द्यायची. हंडा, कळशी, तांब्या, देवापुढचं फुलपात्र, सगळं रिकामं करून घासायचं आणि ताजं भरायचं. शिळं पाणी घरात राहिलेलं तिला खपायचं नाही. तिसऱ्या स्थळाचे, शिर्डीचे पाहुणे यायचे होते त्या दिवशी तर तिला उत्साहच फार. पाण्याच्या फळीवर ती डबी होती. तिनं उघडली, आत पाणी दिसलं, ओतलं अळूच्या वाफ्यात, डबी राखेनं घासली, आणि ताजं पाणी भरून झाकणं लावून जागच्या जागी ठेवली.

मी डबी उघडली आणि किंचाळलेच. आई धावत आली. "अगं मीच भरून ठिवलीय की! लख्ख केलीय बघ." मी कपाळाला हात लावला. मग चष्मा घालून अळूच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसले. पानापानावर पाण्याचे थेंब, आणि प्रत्येक थेंब मला लेन्स वाटायचा. आई शेजारी बसून पानं उलटी करत होती आणि 'अगं बाई, अगं बाई' म्हणत होती. तिच्यावर ओरडावं तर तिच्याच डोळ्यांत पाणी. तात्यांनी चपला घातल्या आणि थेट एसटीडी बूथवर गेले. काकांच्या दुकानात फोन नव्हता, शेजारच्या भांड्यांच्या दुकानात होता.

काका दीड तासात आले. औरंगाबाद रोडनं येणाऱ्या एका टेम्पोत, कांद्याच्या गोण्यांवर बसून. पांढऱ्या शर्टाला कांद्याची सालं चिकटलेली. पाहुणे यायला अर्धा तास होता.

"दुसऱ्या मिळाल्या का?" तात्यांनी विचारलं.

"त्या माझ्याकडं होत्याच. पहिली जोडी लोक हरवतातच. मी नेहमी दोन मागवतो."

त्यांनी खिशातून लेन्सच्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या. मग माझ्या हातातला चष्मा घेतला, पुसला, आणि तोही शेजारी ठेवला. म्हणाले, "बाई, काय घालणार?"

तात्या भडकले. "हे काय इचारनं झालं? लेन्स घालायची. त्येच्यासाठीच बोलिवलं तुमाला."

"मी बाईंना विचारतोय."

"चष्मेवाले, टायम न्हाई आता."

"तात्या, बाजारात गाय विकताना तुम्ही गिऱ्हाइकाला आधी काय सांगता?"

हा प्रश्न वर्मी लागला. तात्यांचं बाजारात नाव होतं ते एकाच गोष्टीमुळं. बाकीचे दलाल जनावराची खोड झाकायचे. शिंग तासतील, गुळाचं पाणी पाजतील, काय वाटेल ते करतील. तात्या आधी खोड सांगायचे, मग दूध. ही लाथ मारती, हिचं एक सड आटलंय, ह्या बैलाला पान्याचं भ्या हाय. लोक पैठणकडून यायचे त्यांच्याकडं, कारण तात्यांनी सांगितली ती खोड खरी आणि नाही सांगितली ती नाहीच.

तात्यांचा आवाज चढला. "माझी पोरगी म्हंजी जनावर हाय का?"

आईनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, आता काकांना घराबाहेर काढतात.

"नाही," काका म्हणाले. अगदी हळू. "जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याची खोड तुम्ही सांगता. बाईंना बोलता येतं. आणि चष्मा म्हणजे खोड, असं मी म्हणालो नाही. तुम्ही म्हणताय."

बाहेर कुत्रं भुंकलं, पाहुणे आले की काय म्हणून आई खिडकीशी गेली. मी फळीवरच्या दोन्ही वस्तूंकडं बघितलं आणि लेन्स उचलल्या. हो, लेन्सच उचलल्या. मला तो आरशातला चेहरा हवा होता, दुसऱ्यांना दाखवायला हवा होता, मी काही साध्वी नव्हते. मला वाटलं काका खट्टू होतील. त्यांनी मुकाट्यानं तांब्या घेतला आणि माझ्या हातावर पाणी घातलं.

पाहुणे तिघंच होते. मुलगा, त्याची आई आणि मामा. शिर्डीला त्यांचं हार-प्रसादाचं दुकान. मी पोहे घेऊन बाहेर गेले तशी मुलाची आई म्हणाली, "अगं बाई, डोळे काय सुरेख आहेत हिचे!" काय सांगू मला काय वाटलं! कुणी तरी माझे डोळे बघितले होते. मामांनी पेपर पुढं केला, वाच म्हणाले. उसाच्या भावाची बातमी होती, मी घडाघडा वाचली. मामा खूश झाले. "नजर फस्क्लास. आमच्याकडं हार ओवायचं काम असतं, सुईदोरा, बारीक फुलं. तुमच्या मध्यस्थांनी सांगितलंच होतं, मुलीला चष्मा नाही म्हणून. बरं असतं असं खरं सांगणारं घर. नाहीतर फसवणारे लई झालेत आजकाल."

तात्या समोरच्या भिंतीशी सतरंजीवर बसले होते. मामांचं बोलणं ऐकून त्यांनी मान खाली घातली. भर बाजारात, शंभर माणसांत, छाती पुढं काढून बोलणारा माझा बाप, आणि तो जमिनीकडं बघत होता. चष्मा नसता आणि लेन्सही नसत्या, तर मला ते दिसलंच नसतं. पण लेन्समधून मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "मला चष्मा आहे. साडेनऊचा नंबर आहे. आत्ता डोळ्यात लेन्स घातल्यात, म्हणून दिसत नाही."

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. मामा तात्यांकडं बघायला लागले. मुलगा तोपर्यंत एक अक्षर बोलला नव्हता, त्यानं विचारलं, "त्या काढल्या तर किती दिसतं?"

"कुणीतरी बसलंय एवढं कळेल. कोण ते कळणार नाही."

कोपऱ्यात बसलेल्या काकांना ठसका लागला. पोहे घशात अडकले म्हणून की हसू आलं म्हणून, देव जाणे.

आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका बघायच्या कार्यक्रमाआधीच जुळलेली होती, पण असो. चांगली माणसं होती, त्यांनी नकार देतानासुद्धा आमची अब्रू राखली. आई मात्र फार खचली. काका त्या आठ दिवसांत दोनदा नगरहून नुसतं विचारायला येऊन गेले होते, दारातूनच 'काही कळलं का?' म्हणायचे आणि उलट्या पावली परत. तिसऱ्यांदा आले तेव्हा आई म्हणाली, "कळलं. मोडलं. झालं ना तुमच्या मनासारखं?" काका दारातूनच वळले. तात्या ओट्यावरच बसले होते, तेही 'बसा' म्हणाले नाहीत. मी आतून सगळं ऐकत होते आणि बाहेर आले नाही, याची मला आजही चुटपुट लागून राहिलीय.

लग्न माझं पुढं झालं, व्यवस्थित झालं, सावेडीत घर आहे, दोन मुली आहेत, त्यातल्या धाकटीला चष्मा आहे. ते कसं झालं ते इथं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, त्या वेळी मध्यस्थांनी मुलीची माहिती विचारली तेव्हा तात्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं, तर "पोरीला साडेनऊचा नंबर हाय." मी म्हटलं, "तात्या, मला सांगू द्या की." तर म्हणाले, "तू बी सांग."

पण हे नंतरचं. मोडल्यावर तीनेक महिन्यांनी मी एकटी नगरला गेले. दुकान उघडं होतं. काका वाळल्यासारखे दिसले. गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून उठून उभे राहिले आणि 'बसा बाई' म्हणायचंच विसरले.

"बाई, माझं चुकलं का?" हेच पहिलं वाक्य.

मी म्हणाले, "सांगितलं मी. तुम्ही कुठं सांगितलंत?"

"मी तांब्या घेऊन उभा होतो. पण बोललो नसतो तर तुम्ही सांगितलं नसतंत." ते खाली बसले. मग म्हणाले, "एक सांगतो. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डाव्या डोळ्यातून मला दिसत नाही. लहानपणापासून नाही. नुसता उजेड कळतो. वरून डोळा नीट आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाईक मी नेहमी उजवीकडं बसवतो. तपासायला काय, एक डोळा पुरतो."

बारा-तेरा वर्षं माझे डोळे ह्या माणसानं तपासले होते.

"लग्नाच्या वेळी सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानातला मुलगा, त्याला डोळ्याचं कोण विचारणार? मंडळींना चौथ्या दिवशी कळलं. तिनं डाव्या बाजूनं चहा पुढं केला, मला दिसला नाही, हात लागून सांडला."

"भांडल्या?"

"भांडली असती तर सुटलो असतो हो. एका शब्दानं बोलली नाही. पण पुढं तीस वर्षं, ती जाईपर्यंत, मी घराला कुलूप लावलं की ती ओढून बघायची. मी आणलेलं सामान पुन्हा मोजायची. मी म्हटलं पाऊस नाही, की ती स्वतः दारात जाऊन बघायची. माझ्या डोळ्यावर तिचा राग नव्हता, बाई. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला नाही, तो शेवटपर्यंत बसला नाही. प्रेमळ होती. पण नाही बसला." त्यांनी टेबलावरची धूळ तळहातानं पुसली. धूळ नव्हतीच. "म्हटलं तुमच्या वाट्याला असं नको. आणि तुमचं जमत आलेलं लग्न मोडून बसलो. एका डोळ्याच्या माणसानं दुसऱ्याला काय दाखवायचं? आता तुम्ही डोळे दुसरीकडं तपासलेत तरी मला राग नाही. चौकात नवीन दुकान झालंय, मशीन आहे त्यांच्याकडं."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. म्हातारा तीन महिने हे डोक्यात घेऊन बसला होता, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. रागाला जागा सापडेना, मग मी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"दांडी सैल झालीय," मी म्हणाले. "घट्ट करून द्या. आणि नंबरही बघा, वाढल्यासारखा वाटतोय."

त्यांनी चष्मा उचलल्याचं मला कळलं, तेवढंच. चष्म्याशिवाय समोर नुसता एक पांढरा शर्ट होता, चेहरा दिसत नव्हता. एका दांडीचा स्क्रू फिरवायला इतका वेळ लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी घाई केली नाही, बसून राहिले.